वाचकांचे प्रश्न : टर्कीला दिसतं तरी किती?

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. ऑफिसातली मंडळी त्याला वसंतात रानटर्कीच्या शिकारीला नेणार आहेत. टर्कीची नजर फार तीक्ष्ण, तेव्हा झाडपाल्याच्या नक्षीचे महागडे कपडे घ्यावेच लागतील, असं त्याला सांगितलंय. यात तथ्य किती?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : नजरेचं खरं आहे, पण कपड्यांवर पैसा ओतायची गरज नाही. टर्की उधळते ती बहुतेक वेळा माणसाच्या हालचालीने. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता सुमारे 270 अंशांचा परिसर तिला दिसतो. मान जराशी फिरवली की पाठीमागचंही दिसतं. गालावरचा डास मारायला उचललेला हात तिला पुरतो.

उणिवाही आहेत. दोन्ही डोळ्यांना एकदम दिसणारा समोरचा पट्टा अरुंद, म्हणून अंतराचा अंदाज कच्चा. तो घेण्यासाठी ती सारखी डोकं मागेपुढे करत असते. अंधारात तिला बेताचंच दिसतं. दिवस मावळताना ती झाडावर चढते आणि फटफटल्यावर खाली उतरते. भाच्याने त्याआधीच, अंधार असताना, जागेवर जाऊन बसलेलं असावं.

आता रंग. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, टर्कीच्या डोळ्यात चार. चौथ्या प्रकारच्या पेशी 420 नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात आणि काही अतिनील प्रकाशही टिपतात. घोळ होतो तो इथे, आणि तो धुण्याचा आहे. ‘झळाळी’ देणाऱ्या बहुतेक पावडरींत एक चमकद्रव्य असतं. ते अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं. आपल्याला कापड नुसतं स्वच्छ वाटतं, टर्कीला ते भोवतालच्या पाल्यापेक्षा वेगळं उठून दिसू शकतं. नोटा तपासायची अतिनील बॅटरी अंधाऱ्या खोलीत कपड्यावर मारून बघा. निळसर चकाकला तर तो बाद. एकदा मुरलेलं हे द्रव्य साध्या पाण्याने पुरतं जात नाही, म्हणून शिकारीचा जोड पहिल्यापासून वेगळा ठेवावा आणि चमकद्रव्य नसलेल्या साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावा. नक्षी साधी असली तरी चालते. चेहरा आणि हात मात्र झाकलेच पाहिजेत. उन्हात घड्याळाची काच आणि बंदुकीची नळी लांबून चमकते.

बसायला खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचं झाड निवडावं. पाठ झाकली जाते, आकृती झाडात मिसळते आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याच्या छऱ्यांपासून आडोसाही मिळतो. गुडघे वर, बंदूक आधीच गुडघ्यावर टेकवलेली, नळी पक्षी येईल त्या दिशेला. तरीही वळवावी लागलीच, तर पक्ष्याचं डोकं एखाद्या बुंध्याआड गेल्यावर, किंवा नर पिसारा फुलवून पाठमोरा झाल्यावर. त्या क्षणी त्याचाच पिसारा त्याच्या नजरेआड येतो. एरवी हालचाल शून्य. बार डोक्यामानेवर, साधारण 40 यार्डांच्या आत.

लाल, पांढरा, निळा यांतला कोणताही रंग अंगावर नको, अगदी मोजा किंवा रुमालसुद्धा. माजावर आलेल्या नराचं डोकं याच तीन रंगांचं असतं आणि दुसरा शिकारी त्यावर बार टाकू शकतो. हा नियम आम्ही सगळ्यांच्या वर ठेवतो. जागा बदलताना भडक नारिंगी टोपी घालावी. पेनसिल्व्हेनियात वसंतात आवाज काढून बोलावलेल्या पक्ष्याचीच शिकार करता येते. दबकत मागे जाणं बेकायदा आहे.

प्रश्न : रालामंडलला मोर कॅमेऱ्याच्या टप्प्यात येतच नाहीत. काय चुकत असेल?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : मोर टर्कीच्याच कुळातला. त्याच्याही डोळ्यात शंकुपेशी चार प्रकारच्या असतात आणि जांभळ्याकडची पेशी टर्कीच्या पेशीशी जवळजवळ जुळते. तेव्हा धुण्याचं आणि बसण्याचं वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू. बंदुकीचं सोडून : आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोर पहिल्या अनुसूचीत आहे.

बहुतेकांचं चुकतं ते मोर दिसल्यावर कॅमेरा उचलण्यात. कॅमेरा आधीच तिकाटण्यावर, डोळ्यांच्या उंचीला, भिंगाला टोपण लावलेलं असेल तर काढून ठेवलेलं, आणि बोट बटणावर. भिंगाच्या पुढे सावलीची नळी लावावी, काच चमकत नाही. मोराच्या मागे चालू नका. तो चरत पुढे सरकतो ती वाट हेरून पुढच्या झाडाशी बसा, ऊन पाठीशी घेऊन, म्हणजे मोरावर उजेड पडतो आणि तुम्ही सावलीत राहता. बसल्यावर निदान अर्धा तास तरी जागचं हलू नका. रेकॉर्ड केलेली केका वाजवून मोराला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याने नर नाहक बिथरतात.

सिरपूर तलावावरच्या बदकांसाठीही हेच. पांढरा सदरा तेवढा घरी ठेवा.