मेंदूला मार बसला, पण सरकारी यादीत तो शब्दच नाही

प्रश्न : माझे पती (वय ४१) नगरपरिषदेत वसुली लिपिक आहेत. सव्वा वर्षापूर्वी रात्री घरी येताना मागचे दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर त्यांची मोटारसायकल आदळली. डोक्याचं ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात, बघणाऱ्याला काहीच कळत नाही. पण सकाळचं दुपारी आठवत नाही, दोन कामं एकदम सांगितली की गोंधळतात, कधी शब्द सापडत नाही, एकदम भडकतात. सासूबाई म्हणतात, ‘पोऱ्या पहिलासारखा ऱ्हायना नही.’ कामावर रुजू झाल्यावर पावत्या आणि रोकड यांत तफावत निघाली, नोटीस आली. साहेब म्हणतात, स्वेच्छानिवृत्ती घ्या, नाहीतर विभागीय चौकशी लागेल. दिव्यांग प्रमाणपत्राला गेलो तर ‘हातपाय चांगले आहेत, मेंदूचा मार यादीत नाही’ म्हणून परत पाठवलं. अपघाताचा दावा चालू आहे. दवाखान्याचं कर्ज फेडायला यांच्या वाट्याची जमीन विकू, असं दीर म्हणतात. आमच्या भागात अशी आणखी घरं आहेत. कायदा बदलायला आमदारांना निवेदन द्यावं का? — एक वाचक, जि. धुळे

उत्तर : ताई, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही होऊ देऊ नका. झालीच असेल तर ‘अर्ज मागे घेत आहे’ असं दोन ओळींचं पत्र आजच आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. निवृत्तीची तारीख उलटायच्या आत हे जमतं. नंतर मात्र ‘सही करताना त्यांना समजत नव्हतं’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं, त्यात वर्षं जातात. साहेब वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आपण माणसाला चौकशीतून वाचवतोय, असं त्यांना मनापासून वाटतही असेल. पण त्यांनी दाखवलेल्या दोन वाटांशिवाय तिसरी वाट कायद्यात आहे, आणि ती देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

ती वाट म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४). नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही टाकता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पदच नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत. ‘सरकारी आस्थापना’ या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणं येतात, म्हणजे तुमची नगरपरिषद आली. यजमान खासगी जिनिंगमध्ये असते तर मला इतक्या ठामपणे लिहिता आलं नसतं.

आता हे कलम जरा सावकाश वाचा. त्यात ‘दिव्यांगत्व आलेला कर्मचारी’ असे शब्द आहेत. ४० टक्क्यांची अट तिथे नाही, आणि यादीतलंच दिव्यांगत्व हवं असंही लिहिलेलं नाही. ४० टक्के लागतात ते आरक्षणाला आणि बऱ्याच योजनांना. जुन्या १९९५ च्या कायद्यात हेच संरक्षण कलम ४७ मध्ये होतं. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००३) या खटल्यात हाच फरक दाखवून दिला. पाय गमावलेल्या त्या जवानाला सेवेतून कमी करून पेन्शन दिली होती. पेन्शन दिली म्हणून जबाबदारी संपत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यामुळे प्रमाणपत्र हातात नाही म्हणून या कलमाचं नाव घ्यायला बिचकू नका.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. तोंडी सांगितलेलं फाईलला लागत नाही. तफावत आली हे नाकारू नका, कारण पावतीपुस्तक खोटं बोलत नाही. लिहायचं ते असं : अपघाताची तारीख ही, ऑपरेशन हे, त्याचे परिणाम हे. अपघाताआधीच्या इतक्या वर्षांत रोकडीची एकही तक्रार नाही. रोख हाताळण्याचं काम काढून जन्म-मृत्यू नोंदणी, अभिलेख किंवा आवक-जावक असं एका वेळी एकच काम द्यावं, सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. याला कायदा ‘वाजवी सोयीसुविधा’ म्हणतो, आणि ती देणं हे कलम २०(२) प्रमाणे आस्थापनेचं कर्तव्य आहे. सोबत रवींदर कुमार धारिवाल विरुद्ध भारत सरकार (२०२१) या निकालाचा उल्लेख करा. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या मानसिक आजार असलेल्या अधिकाऱ्यावर वर्तनावरून कारवाई झाली होती. गैरवर्तनाच्या मुळाशी असलेल्या कारणांत दिव्यांगत्व हे एक कारण असेल, तरी अशी शिस्तभंगाची कारवाई भेदभाव ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आणि ती रद्द केली. तुमची नोटीस त्याच जातीची आहे.

कार्यालय ऐकत नसेल तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. साध्या अर्जावर होते, वकील लागतोच असं नाही. आयुक्तांनी शिफारस केली की काय कारवाई केली ते कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं. तरीही बडतर्फीचा आदेश निघालाच तर उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात. खर्चाची काळजी वाटत असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. महिलांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

प्रमाणपत्राच्या खिडकीवर जे सांगितलं ते अर्धं खरं आहे. २०१६ च्या कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत आणि ‘मेंदूची इजा’ हा त्यात वेगळा प्रकार नाही. पण अनुसूची इजा कशाने झाली ते फारसं बघत नाही, माणसाचं काय अडलं ते बघते. शब्द सापडत नाही हा वाचाघात, आणि वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत वाचाघाताचं नावच घेतलेलं आहे. चालताना तोल जात असेल तर चलनवलन दिव्यांगत्वात मज्जासंस्थेमुळे आलेला अडथळाही मोजतात. आणि स्मृती, विचार, भावना यांतला बिघाड इतका की रोजच्या गरजा भागवणं अवघड व्हावं, हे शब्द कायद्याने ‘मानसिक आजार’ या व्याख्येत वापरलेत. तिथे ‘आयडियाज’ नावाच्या मापनात स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम, अशा चार बाजू तपासतात.

‘मानसिक आजार’ या शब्दाने तुम्ही दचकाल, हे मला माहीत आहे. उद्या गल्लीत पोरं ‘येडा’ म्हणतील, पोरीचं लग्न अडेल. पण ते कागदातलं एक खानं आहे, कायद्याने दिलेलं. गल्ली काय म्हणायचं ते आत्ताही म्हणतेच आहे.

नवीन अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरा आणि एकच प्रकार न निवडता जे जे लागू आहेत ते सगळे मागा. बेरीज सरळ होत नाही, त्याला सूत्र आहे : मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा आकडा) भागिले ९०. समजा एका प्रकारात ३० टक्के आले आणि दुसऱ्यात २०. दोन्ही वेगवेगळे ४० च्या खाली. एकत्र मोजले तर ४३ भरतात. म्हणून एकाच डॉक्टरांनी हातपाय बघून परत पाठवणं तुम्हाला परवडणारं नाही. जाण्याआधी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी करून घ्या. सीटी स्कॅन मेंदू कसा दिसतो ते सांगतो, तो काम कसा करतो ते ही चाचणी सांगते. पुन्हा नकार दिला तर नकार लेखी मागा. कलम ५९ खाली अपील करता येतं, आणि तोंडी नकारावर अपील होत नाही.

आता दाव्याचं. तुम्ही विचारलं नाहीत, पण हा प्रश्न पुढे येणारच : नोकरी वाचली तर नुकसानभरपाई कमी होईल का? होईल, एका बाबीत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं लिपिकाचंच उदाहरण दिलंय. हात गेलेल्या ड्रायव्हरची कमाई पूर्ण जाऊ शकते, पण सरकारी नोकरीतला लिपिक त्याच पगारावर राहिला तर ‘भविष्यातील उत्पन्नाचं नुकसान’ या शीर्षाखाली कदाचित काहीच मिळणार नाही. जीवनातला आनंद हिरावल्याबद्दल मात्र मिळेल. विमा कंपनीचे वकील हा परिच्छेद वाचून दाखवणारच. म्हणून कुणीतरी तुम्हाला सुचवेल की नोकरी सोडा, दावा फुगेल. ऐकू नका. दाव्याची रक्कम एकदा येते, अपिलात अडकते, नातेवाइकांच्या नजरेत भरते. दर महिन्याचा पगार आणि पुढचं निवृत्तिवेतन त्यापेक्षा कितीतरी भरवशाचं आहे. शिवाय बढती अडली, पुढचे उपचार लागणार, आणि तुम्ही स्वतः दिवसभर मागे राहता, ती सेवा, या सगळ्याचं मोल मागता येतं. मेंदूला जबर इजा झालेल्या मुलीच्या काजल विरुद्ध जगदीश चंद (२०२०) या खटल्यात न्यायालयाने सोबतीला लागणाऱ्या माणसांचा खर्च गुणक लावून, म्हणजे पुढच्या वर्षांचा हिशेब धरून दिला. तुमच्या वकिलांना तो दाखवा.

एक धोका मात्र आहे. दाव्यात ‘हे काहीच करू शकत नाहीत’ आणि कार्यालयात ‘हे सगळं करू शकतात’ असं लिहिलंत तर दोन्हीकडे तोंडघशी पडाल. विमा कंपनी सेवापुस्तक मागवते. दोन्ही ठिकाणी एकच खरं लिहा : काम करू शकतात, पूर्वीचं रोकडीचं काम करू शकत नाहीत, आणि घरी सोबत लागते.

जमिनीचं थोडक्यात. यजमानांच्या वाट्याला दिरांची सही चालणार नाही, तुमचीही नाही. बायको आहे म्हणून आपोआप पालक होता येत नाही. व्यवहार समजण्याच्या स्थितीत ते नसताना घेतलेली त्यांची सही पुढे खरेदीखतच बुडवू शकते. विकणं खरंच भाग असेल तर दिव्यांगांच्या त्याच २०१६ च्या कायद्यातल्या कलम १४ खाली मर्यादित पालकत्वासाठी अर्ज करा, त्यात निर्णय यजमानांशी सल्लामसलत करून घ्यायचा असतो. माझं मत विचाराल तर दाव्याचा निकाल लागेपर्यंत जमिनीला हात लावू नका.

राहिला कायदा बदलायचा प्रश्न. निवेदन द्या, पण हार घालून फोटो काढण्यापुरतं नको. नेमकं काय मागायचं आणि ते कुणाच्या हातात आहे, हे आधी समजून घ्या.

अनुसूचीत नवा प्रकार घालायला संसदेत कायदा दुरुस्त करावा लागत नाही. कलम ९९ प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून अनुसूची बदलू शकतं. राज्य सरकारच्या शिफारशीवरून ‘किंवा अन्यथा’, असं कलमात लिहिलंय. ते ‘अन्यथा’ तुमच्यासारख्यांचं दार आहे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, ॲसिडहल्ला हे सगळे २०१६ ला आले. अमेरिकेत अपघातात मेंदूला इजा झालेल्या एका मुलीच्या आईने १९८० साली इतरांना घेऊन संस्था काढली. १९९० मध्ये तिथल्या विशेष शिक्षणाच्या कायद्यात मेंदूची इजा हा वेगळा प्रकार झाला आणि १९९६ मध्ये त्यावर स्वतंत्र कायदा आला. सोळा वर्षं लागली, हेही लक्षात असू द्या.

पण नुसतं नाव घालून घेण्यात मला फारसा रस नाही. पार्किन्सन यादीत आहे, तरी कलम ३४ च्या नोकरीतल्या आरक्षणात त्याचं नाव नाही. ते आरक्षण ठरावीक गटांनाच आहे आणि तिथे बदल करायला मात्र कायदाच दुरुस्त करावा लागेल. म्हणून निवेदनात दोन मागण्या ठेवा : अनुसूचीत मेंदूची इजा, आणि तिच्या परिणामांचं एकत्र मोजमाप कसं करायचं याच्या मार्गदर्शक सूचना. मोजपट्टी नसेल तर खिडकीवरचा माणूस पुन्हा हातपायच बघेल.

आमदारांकडून राज्याची शिफारस मागा. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचं वेगळं खातं आहे, शिफारस तिथून निघायला हवी. विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज सदस्यामार्फत जातो, तो मांडायला त्यांनाच सांगा. खासदारांकडून संसदेत प्रश्न मागा, म्हणजे मंत्रालयाचं उत्तर लेखी हाती येतं. निवेदनाला भाषण जोडू नका, कागद जोडा. तुमच्या भागातल्या त्या घरांतले डिस्चार्ज कार्ड, नकाराची पत्रं, कार्यालयांच्या नोटिसा, संमतीने आणि पत्ते झाकून. माहितीच्या अधिकारात जिल्हा रुग्णालयाला विचारा : डोक्याच्या इजेमुळे किती अर्ज आले, किती नाकारले. ‘अशी नोंद ठेवली जात नाही’ असं उत्तर आलं तर तेच पहिल्या पानावर लावा. आणि आमदार, खासदार, आयुक्त, जिल्हास्तरीय समिती, जिथे जिथे प्रत द्याल तिथे आवक क्रमांकाचा शिक्का उठल्याशिवाय बाहेर पडू नका.