घरीच कारचा एअर इनटेक बदलला तर पिकअप खरंच वाढतो का?

भावा, आवाज वाढतोय, गाडी हाय तेवढीच पळतीय. मी स्वतः केलंय हे, जुन्या पेट्रोल हॅचबॅकचा एअरबॉक्स (इंजिनात जाणारी हवा गाळणारा कंपनीचा बंद डबा) काढून कोन फिल्टर, म्हणजे शंकूसारखा उघडा फिल्टर, बसवला, आवाज एकदम नाद खुळा, पण कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उन्हात पाच मिनिटं थांबलो की पुढं गाडी उचलंना. कारण साधं हाय, उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतोय, आणि हवा ३ डिग्री तापली की साधारण १ टक्का विरळ होते, म्हणजे ऑक्सिजन कमी. कंपनीचा डबा दिसायला येडाबागडा असला तरी त्याचं तोंड पुढं ग्रिलजवळ थंड हवेत असतंय, ते उगाच न्हाई.

आता काहीजण पाईप खाली बंपरात सोडतात थंड हवेसाठी, आयडिया बरोबर हाय पण आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगा रस्त्यावर येत्या, पाणी इनटेकमधनं सिलेंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात न्हाई, थेट पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉडच वाकतोय. मग बस इंजिन खोलत.

आणि तेल लावायचा फिल्टर घेतलास तर तेल जास्त झालं की आत किती हवा जात्या ते मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसतंय, रीडिंग चुकतंय.

त्यापेक्षा कंपनीचाच कागदी फिल्टर नवा टाक, शिरोली एमआयडीसीच्या धुळीत रोज जात असशील तर जरा लवकरच बदल, डब्याच्या क्लिपा आणि रबरी होजचे क्लँप घट्ट बघ. माझा कोन फिल्टर माळ्यावर पडलाय, पाहिजे तर ने.