कल पाहून कौल मागणे

प्रश्न असा आला आहे : "आर्थिक अनिश्चिततेच्या काळात सरकारने मध्यावधी निवडणूक घेऊन जनतेकडे नव्याने कौल मागावा का? आणि अशा निवडणुकीला 'मध्यावधी' म्हणावे की 'मुदतपूर्व'?"

दुसऱ्या भागाचे उत्तर चार-पाच वाक्यांत संपते. सभागृहाची मुदत संपण्याआधी होणारी प्रत्येक निवडणूक मुदतपूर्व असते. त्यांपैकी जी मुदतीच्या साधारण मध्यावर येते, तिलाच मध्यावधी म्हणणे योग्य आहे. मार्च 1977मध्ये निवडलेली लोकसभा ऑगस्ट 1979मध्ये विसर्जित झाली आणि जानेवारी 1980मध्ये मतदान झाले, तेव्हा ती निवडणूक खरोखर मध्यावधी होती. 2004ची लोकसभा निवडणूक मात्र काही महिनेच अलीकडे ओढलेली होती, तिला मध्यावधी म्हणणे म्हणजे दुपारी चारला मध्याह्न म्हणण्यासारखे आहे. गोंधळ आणखी वाढतो तो अमेरिकेमुळे, कारण तिथे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर काँग्रेसची जी निवडणूक होते, तिलाही आपली वर्तमानपत्रे मध्यावधीच म्हणतात, आणि ती तर कायद्याने ठरलेल्या दिवशी, एक दिवसही अलीकडे-पलीकडे न होता होत असते.

माझे लक्ष या दोन शब्दांपेक्षा प्रश्नातल्या तिसऱ्या शब्दाकडे गेले : 'कौल'. या शब्दाचे हाल गेली कित्येक वर्षे ऐकवत नाहीत. मतमोजणीच्या सकाळी वृत्तनिवेदक "सुरुवातीचा कौल सत्ताधाऱ्यांच्या बाजूने झुकतो आहे" असे बिनदिक्कत सांगतात. झुकतो तो कल. तो 'कलणे' या क्रियापदाचा सख्खा नातेवाईक आहे. तराजू कलतो, वय कलते, सूर्य कलतो आणि पहिल्या काही फेऱ्यांत मतेही कलतात. कौल कधीच कलत नाही, कारण तो दिलेला शब्द आहे, तो मिळतो किंवा मिळत नाही. कल हा अंदाज आणि कौल हे वचन, इतका मोठा फरक एका मात्रेच्या आळसापायी बुजवला जातो, आणि मुदतपूर्व निवडणुकीच्या चर्चेत तर हा फरक बुजवणे विशेष घातक आहे, कारण अशा निवडणुकीचे सगळे राजकारण कल पाहून कौल मागण्याचे असते.

छपरावरचे कौल हा निराळा शब्द आहे, तो येथे सोडून देऊ. आपला कौल अरबी 'क़ौल' या शब्दापासून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ धातूचा अर्थ 'बोलणे'. त्यातून क़ौल म्हणजे उच्चारलेला शब्द, वचन. 'कव्वाली' याच घराण्यातली. 'कबूल' मात्र यांतला नव्हे. ध्वनी जवळचा वाटला तरी त्याचा धातू वेगळा, 'स्वीकारणे' या अर्थाचा आहे, आणि 'कौल म्हणजे जनतेने कबूल केलेले' अशी जी व्युत्पत्ती अधूनमधून छापली जाते ती निखालस चुकीची आहे. 'कौलकरार' या जोडशब्दात मात्र दोन्ही घटक अस्सल आहेत : कौल म्हणजे दिलेला शब्द आणि करार म्हणजे त्या शब्दाचे पक्के होणे.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या अर्थाकडे येतो. मराठी राज्याच्या कागदपत्रांत कौल हा महसुली दस्तऐवज होता. दुष्काळाने, लष्कराच्या धामधुमीने किंवा आधीच्या अंमलदारांच्या जुलमाने गाव ओस पडले, रयत परागंदा झाली, जमिनी पडीक राहिल्या, की सरकार पाटलाला आणि रयतेला कौल देत असे. "परत या, जमिनी लावा, पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा घेऊ, पुढे वर्षागणिक वाढवत नेऊ आणि इतक्या वर्षांनी पूर्ण दराला आणू," असा त्या कौलाचा आशय असे. चढत्या साऱ्याच्या या पद्धतीला इस्तावा म्हणत, आणि लागेल तिथे बी-बैलांसाठी तगाई म्हणजे सरकारी कर्जही दिले जाई. म्हणजे उद्याचा भरवसा उरला नाही, कोण किती कर मागेल याची खात्री राहिली नाही, अशा वेळी सरकारने पुढच्या काही वर्षांचे आकडे स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून द्यायचे, याला कौल म्हणत. आर्थिक अनिश्चिततेवरचा तो उपायच होता, आणि त्याची दिशा सरकारकडून रयतेकडे होती.

बखरींत दुसरा एक कौल भेटतो. वेढ्यात सापडलेल्या किल्ल्यातील लोकांचा दाणागोटा संपत आला की ते कौल मागतात, जीविताचे अभय लेखी मिळाले की खाली उतरतात. तिथे कौल मागणारा नेहमी अडचणीतला असतो. 'कौल देणे' हे समर्थाचे काम आणि 'कौल मागणे' हे कोंडीत सापडलेल्याचे, ही जुन्या मराठीची स्पष्ट वाटणी आहे.

येथे काही मान्यवर अभ्यासकांशी माझा उघड मतभेद आहे. 'जनतेचा कौल' हा प्रयोग देवाला कौल लावण्यावरून आला, जनता हीच जनार्दन असल्यामुळे तिचा निर्णय हा देवाचा कौल, असे ते ठामपणे सांगतात, आणि एकजण दुसऱ्याचे वाचून तेच पुन्हा लिहितो. मला हे मान्य नाही. देवाला कौल लावताना प्रश्न एकच असतो, त्याला उजवे आणि डावे अशी दोनच उत्तरे असतात आणि देव उत्तराला बांधलेला नसतो. मतदाराच्या कौलात मात्र करार आहे : इतकी वर्षे, या अटींवर, हा कारभार तुमच्या हाती. मुदत, अटी आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी महसुली कौलातल्या आहेत. लोकशाहीत धनी आणि रयत यांची अदलाबदल झाली, म्हणून कौल देणारा हातही बदलला, दस्तऐवज मात्र तोच राहिला, असे माझे मत आहे. निवडणुकीला देवाचा कौल मानण्याचा तोटा असा, की मग सरकारला वाटते, आपण हवा तो एकच प्रश्न विचारू आणि मतदार नेमक्या त्याच प्रश्नाचे उत्तर देईल.

तसे होत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. 1974च्या आरंभी खाणकामगारांच्या आंदोलनामुळे वीज वाचवण्यासाठी उद्योगांना आठवड्यातून तीनच दिवस वीज मिळत होती, आणि पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी "राज्य कोणी करायचे, सरकारने की संघटनांनी?" असा प्रश्न घेऊन फेब्रुवारीत मुदतपूर्व निवडणूक लावली. 635 जागांच्या सभागृहात त्यांच्या पक्षाला 297 आणि मजूर पक्षाला 301 जागा मिळाल्या. मते हीथ यांच्या पक्षाला थोडी अधिक होती, तरी बहुमत कोणालाच नव्हते. प्रश्न दुहेरी, उत्तर चौफेर. मतदारांनी त्या एका प्रश्नाबरोबर महागाईचे, घरातल्या अंधाराचे आणि चार वर्षांच्या कारभाराचेही उत्तर देऊन टाकले होते.

प्रश्न विचारला आणि मोहिमेच्या मध्यावर तो प्रश्नच बदलला, असेही घडते. कॅनडात निवडणुकीची तारीख कायद्याने ऑक्टोबर 2009 ठरलेली असताना पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी 7 सप्टेंबर 2008 रोजी निवडणूक जाहीर केली, आठवड्याभरात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी बँक कोसळली, आणि जगाच्या बाजारांत घबराट माजली असताना 14 ऑक्टोबरला मतदान झाले. त्यांच्या जागा वाढल्या, पण 308पैकी 143वरच थांबल्या. वर्ष संपण्याआधी ते सरकार पडण्याच्या बेतात आले होते.

आणि ग्रीस. तिथे सप्टेंबर 2007मध्ये निवडून आलेले पंतप्रधान करामान्लिस यांनी चार वर्षांच्या मुदतीपैकी दोन वर्षे होताच, आर्थिक संकटाला तोंड देण्यासाठी नवा कौल हवा असे सांगून ऑक्टोबर 2009मध्ये निवडणूक घेतली. (हिला खुशाल मध्यावधी म्हणा; शब्द अक्षरशः लागू पडतो.) ते मोठ्या फरकाने हरले, आणि नव्या सरकारने काही आठवड्यांतच जाहीर केले की वर्षाची तूट आधीच्या अंदाजाच्या जवळपास दुप्पट, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 12 टक्क्यांहून अधिक आहे. म्हणजे मतदारांकडून वचन मागताना त्यांच्यासमोर खरा हिशेबच नव्हता. ज्या करारात एका बाजूचे आकडे दडलेले असतात त्याला जुन्या कारकुनाने कौल म्हटले नसते.

मग सरकारने काय करावे? माझे उत्तर कौलाच्या जुन्या अर्थातच आहे : सभागृहात अर्थसंकल्प मंजूर करून घेण्याइतके बळ आहे तोवर सरकारने आधी कौल द्यावा, म्हणजे पुढच्या काही वर्षांचे कर, खर्च आणि कर्ज यांचे आकडे स्वच्छ मांडावेत आणि उरलेली मुदत ते पाळण्यात घालवावी. कौल मागायला जावे ते हे बळ संपल्यावर. 1991मध्ये आपल्याकडे नेमके तेच घडले. चंद्रशेखर यांच्या सरकारला पूर्ण अर्थसंकल्प मांडता आला नाही, अंतरिम अर्थसंकल्पावर भागवावे लागले. 6 मार्चला त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभा विसर्जित झाली. त्या परिस्थितीत निवडणूक टाळणे शक्यच नव्हते, पण तिची किंमत पाहा. परकीय गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरलेली असताना देशाचा कारभार काळजीवाहू सरकारकडे होता, आणि मे महिन्यात, ऐन मतदानाच्या धामधुमीत, 20 टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकावे लागले. राजीव गांधी यांच्या हत्येमुळे मतदानाचे पुढचे टप्पे जूनमध्ये गेले. रुपयाचे अवमूल्यन जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाले, आणखी 47 टन सोने त्याच महिन्यात गहाण गेले आणि पूर्ण अर्थसंकल्प 24 जुलैला मांडला गेला. राजीनाम्यापासून अर्थसंकल्पापर्यंत साडेचार महिने गेले. अनिश्चितता घालवण्यासाठी निवडणूक घ्यावी असे म्हणणाऱ्यांनी या साडेचार महिन्यांचा हिशेब आधी मांडावा.

याविरुद्ध ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान जिम कॅलाहन यांचे नाव हमखास पुढे केले जाते. 1978च्या शरदात अनुकूल कल असताना त्यांनी निवडणूक घेतली नाही, त्यानंतरचा हिवाळा संपांनी गाजला, 28 मार्च 1979ला त्यांचे सरकार 311 विरुद्ध 310 अशा एका मताने पडले आणि मे महिन्यात ते हरले. म्हणून वेळेवर कौल मागावा, असा निष्कर्ष काढतात. त्यांचा पक्ष हरला हे खरे. परंतु ब्रिटनला त्या थांबण्याने काय तोटा झाला, हे सांगताना हेच लोक पक्षाचा तोटा आणि देशाचा तोटा एकाच वहीत लिहितात. शिवाय अनुकूल कलाची शाश्वती किती, हे 2017मध्ये ब्रिटनच्याच पंतप्रधान थेरेसा मे यांना कळले : चाचण्यांतली भली मोठी आघाडी पाहून त्यांनी निवडणूक लावली आणि हाती असलेले बहुमतच गमावले.

प्रश्नकर्त्याने आपले वाक्य "सरकारने मुदतपूर्व निवडणूक घेऊन नव्याने कौल मागावा का" असे लिहावे. 'मागावा' हे क्रियापद तसेच ठेवावे. 'कौल घ्यावा' असे हल्ली लिहितात, पण कौल घेता येतो तो समोरच्याने दिल्यानंतरच.