रविवारचे रोस्ट डिनर: ताटात काय असते आणि आधी काय बोलून घ्यावे

सप्रेम नमस्कार.

आपण सप्टेंबरमध्ये सहकुटुंब इंग्लंडच्या यॉर्कशर भागातील लीड्सला येत आहात आणि कामावर रुजू होण्याआधीच आपल्या होणाऱ्या वरिष्ठांनी एका रविवारी ‘ट्रॅडिशनल संडे रोस्ट डिनर’साठी घरी बोलावले आहे, हे वाचून आनंद झाला. या जेवणात नक्की काय असते, आणि आपण गोमांस खात नाही व आपल्या पत्नी पूर्ण शाकाहारी आहेत, तेव्हा जावे की काही कारण सांगून टाळावे, असे आपण विचारले आहे. मी गेली सोळा वर्षे शेफील्डमध्ये, म्हणजे त्याच यॉर्कशरमध्ये राहते, आणि माझे सांगणे असे की अवश्य जावे. येथील माणसे ओळखीच्या कोणालाही चहाला किंवा पबमध्ये सहज बोलावतात. रविवारच्या जेवणाला घरी बोलावणे मात्र आपल्याकडे सणाच्या पंगतीला बसवण्याच्या जवळ जाते. काही गोष्टी तेवढ्या आधी बोलून घ्याव्या लागतील.

सर्वांत आधी वेळ. आपल्याकडे ‘डिनर’ म्हटले की रात्रीचे जेवण समजतात. इंग्लंडच्या उत्तरेकडील बऱ्याच घरांत डिनर म्हणजे दुपारचे जेवण आणि संध्याकाळचे जेवण म्हणजे ‘टी’. आम्ही येथे आलो त्या पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी आम्हा दोघांना संडे डिनरला बोलावले. मी वेळ विचारली नाही आणि आम्ही संध्याकाळी साडेसहाला फुले घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. त्या माउलीने दुपारी एक वाजल्यापासून आमची वाट पाहिली होती, मांस पूर्ण कोरडे पडले होते, आणि तरीही त्यांनी एका शब्दाने ते आम्हाला जाणवू दिले नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून किती वाजता यायचे हे स्पष्ट विचारून घ्यावे. बहुधा एक ते तीनच्या दरम्यानची वेळ सांगतील.

आता ताटाकडे वळते. माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी असल्याशिवाय कोणी त्याला रोस्ट म्हणणार नाही: ओव्हनमध्ये अखंड भाजलेला मांसाचा मोठा तुकडा, ज्याला येथे ‘जॉइंट’ म्हणतात (शाकाहारी ताटात त्याच्या जागी काय येते ते पुढे सांगते), ओव्हनमध्येच भाजलेले बटाटे, निदान दोन उकडलेल्या किंवा भाजलेल्या भाज्या, आणि या सर्वांवर ओतायची ग्रेव्ही. मांस चार प्रकारांपैकी एक असते, म्हणजे गोमांस, कोकराचे मांस, डुकराचे मांस किंवा अख्खी कोंबडी, आणि प्रत्येकाचे तोंडीलावणे ठरलेले आहे. गोमांसाबरोबर हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाचा सॉस किंवा मोहरी, कोकराबरोबर व्हिनेगरमध्ये कालवलेला पुदिना, डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेल्या आंबट सफरचंदाचा सॉस आणि कोंबडीबरोबर दुधात शिजवलेल्या पावाचा सॉस. हॉर्सरॅडिश पहिल्यांदा घेताना चमच्याच्या टोकावर बसेल एवढेच घ्यावे, कारण त्याचा तिखटपणा जिभेवर थांबत नाही, थेट नाकात चढतो.

बटाट्यांवर येथील गृहिणींची परीक्षा होते असे मला वाटते. मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्डसारखे पिठूळ जातीचे बटाटे सोलून आधी अर्धवट उकडतात, पाणी काढून टाकल्यावर झाकण लावून पातेले जोरात हलवतात म्हणजे बटाट्यांच्या कडा खरबरीत होतात, आणि मग ओव्हनमध्ये कडकडीत तापलेल्या चरबीत किंवा तेलात सोडून तासभर भाजतात. खरबरीत झालेला तोच भाग कुरकुरीत होतो आणि आत बटाटा लोण्यासारखा राहतो. भाज्यांमध्ये गाजर, मटार, कोबी, ब्रोकोली आणि पांढऱ्या गाजरासारखे दिसणारे गोडसर पार्स्निप असते. त्यांना फोडणी नसते, मसाला नसतो आणि कधीकधी मीठही बेताचेच असते. कोणी चीजच्या सॉसमध्ये फ्लॉवर भाजून ठेवते, तो आपल्या मुलांना नक्की आवडेल.

यॉर्कशर पुडिंगबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपण त्याच्या माहेरी येत आहात. नावात पुडिंग असले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी आणि दूध यांचे धिरड्याच्या पिठाइतके सैल पीठ भिजवून, मीठ घालून ते ओव्हनमध्ये फुलवतात. पूर्वी मांस उघड्या विस्तवापुढे सळईवर फिरवून भाजत असत आणि त्याखाली पिठाची परात ठेवत असत, म्हणजे वरून गळणारी चरबी आणि रस वाया न जाता त्या पिठात मुरत असे. हॅना ग्लास या लेखिकेच्या 1747 च्या पाकपुस्तकात ते यॉर्कशरच्या नावाने आलेले आहे. यॉर्कशरच्या जुन्या घरांत ते मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढत, म्हणजे पोटाला आधार मिळे आणि महागाचे मांस सर्वांना पुरे. वरिष्ठांकडे पहिल्या ताटलीत फक्त पुडिंग आणि ग्रेव्ही आली, तर जेवण एवढेच आहे असे समजू नये. कडक शिस्तीची माणसे पुडिंग फक्त गोमांसाबरोबरच हवे असे मानतात. आता मात्र कोंबडी असो वा कोकरू, ताटात पुडिंग असतेच, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या नामवंत संस्थेने 2008 मध्ये चार इंचांपेक्षा बुटके पुडिंग खरे यॉर्कशर पुडिंग नव्हे असे जाहीर केले होते, यावरून येथे हा विषय किती जिव्हाळ्याचा आहे ते कळेल.

शेजारच्या आजींनीच मला ते शिकवले. अंडी, मैदा आणि दूध एकाच पेल्याने सारखे मापून घ्यायचे, पीठ अर्धा तास झाकून ठेवायचे, पत्र्याच्या खोलगट साच्यात चरबी घालून तो ओव्हनमध्ये धूर निघेपर्यंत तापवायचा, आणि मग पळीभर पीठ त्यात सोडायचे. पीठ पडताच चर्रकन आवाज आला नाही, तर साचा पुरेसा तापला नव्हता. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटे ओव्हनचे दार उघडायचे नाही. आजी काचेतून आत पाहत खुर्ची टाकून बसत आणि कडा वर चढू लागल्या की मला हाताने खूण करून जवळ बोलावत. युद्धकाळात सुरू झालेले मांसाचे रेशनिंग 4 जुलै 1954 रोजी संपले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्याआधी आठवड्याच्या वाट्याचा लहानसा तुकडा रविवारी भाजला जाई आणि मुलांची पोटे पुडिंगवरच भरत, हे त्या प्रत्येक वेळी सांगत.

ग्रेव्ही हा शब्दही फसवा आहे. आपल्या हॉटेलांत ग्रेव्ही म्हणजे कांदा-टोमॅटोचा दाट रस्सा. येथे मांस भाजून काढल्यावर ट्रेमध्ये जो रस आणि खरपूस खरवड उरते, त्यात चमचाभर मैदा परतून, भाज्या उकडलेले पाणी घालून जी पातळ तपकिरी आमटी होते ती ग्रेव्ही. पुरणासाठी शिजवलेल्या डाळीचा कट टाकून न देता आपण कटाची आमटी करतो, त्याच काटकसरीतून आणि त्याच चवीच्या जाणिवेतून ती आली आहे. अनेक घरांत आता डब्यात मिळणारे ग्रेव्हीचे तयार दाणेदार मिश्रण गरम पाण्यात ढवळूनही ग्रेव्ही करतात. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, भाजी यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि एकाचा ओघळ दुसऱ्यात गेलेला चालत नाही. येथे मात्र बटाटे, पुडिंग, भाज्या या सर्वांवरून ग्रेव्ही ओतून घेणे हीच रीत आहे.

आता आपल्या पत्नींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मांसाचा काप उचलून बाजूला ठेवला म्हणजे उरलेले ताट शाकाहारी झाले, असे कृपा करून समजू नये. बटाटे गाईच्या चरबीत, जिला ‘ड्रिपिंग’ म्हणतात, किंवा हंसाच्या चरबीत भाजलेले असू शकतात. पुडिंगमध्ये अंडी असतातच आणि साच्यात तीच चरबी असू शकते. कोंबडीबरोबरच्या स्टफिंगमध्ये, म्हणजे पावाच्या चुऱ्याच्या सारणात, पुष्कळदा डुकराचे मांस मिसळलेले असते. ग्रेव्हीचे वर सांगितलेच आहे. यॉर्कशरमध्ये मासे-बटाट्याच्या अनेक दुकानांतही ड्रिपिंगमध्येच तळतात, तेही ध्यानात ठेवावे.

हे मी इतक्या कळकळीने लिहिते त्याला कारण आहे. माझ्या सासूबाई माळकरी होत्या. त्या येथे आल्या असताना एका पबमध्ये आम्ही त्यांच्यासाठी फक्त भाज्यांचे ताट मागवले, त्यांनी दोन बटाटे आवडीने खाल्ले, आणि बिल देताना सहज विचारल्यावर ते ड्रिपिंगमध्ये भाजल्याचे कळले. वाढणाऱ्या मुलीने फसवले नव्हते. तिच्या समजुतीने बटाटा ही भाजीच होती, आणि मी नेमका प्रश्न विचारला नव्हता. येथील कायद्याने खाणावळींना 14 ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते, त्यांत अंडी, दूध, मोहरी येतात. परंतु चरबी कोणत्या प्राण्याची हे त्या यादीत येत नाही. म्हणून ‘शाकाहारी आहे का’ एवढ्यावर न थांबता ‘बटाटे कशात भाजले आहेत आणि ग्रेव्ही कशाची आहे’ असे विचारावे. याचा कोणाला राग येत नाही.

शाकाहारी पाहुण्यांसाठी सुकामेवा, मशरूम आणि पावाचा चुरा यांची भाजलेली वडी, म्हणजे ‘नट रोस्ट’, करण्याची चांगली पद्धत येथे रुळलेली आहे, आणि तेलात भाजलेले बटाटे व कांद्याची ग्रेव्ही असली की ते ताट माझ्या मते पुरेपूर रोस्ट डिनर ठरते. मांसाशिवाय रोस्ट नाही असे म्हणणारे भेटतील. परंतु आमच्या घरी दर महिन्याला असे जेवण होते आणि माझ्या मुली त्याला दुसरे नाव देत नाहीत.

यजमानांकडे जाताना फुले किंवा चॉकलेटचा डबा न्यावा. घरचा प्रमुख टेबलावरच मांस कापून काप वाढेल. भाज्यांची भांडी एकमेकांकडे सरकवली जातील, तेव्हा सर्वांना मिळेपर्यंत खाण्यास सुरुवात करू नये. शेवटी सफरचंदाचा क्रंबल आणि गरम कस्टर्ड असे काही गोड येते, त्यासाठी थोडी जागा ठेवावी. जेवणानंतर भांडी विसळायला मदत करू का, असे जरूर विचारावे. माझ्या येथील बहुतेक मैत्री सिंकपाशी हातात फडके घेऊनच झाल्या.

राहता राहिले आमंत्रणाचे उत्तर. त्यात सरळ लिहावे की आम्ही आनंदाने येऊ, किती वाजता यावे ते कळवावे, आम्ही कोणीही गोमांस खात नाही, आणि माझी पत्नी मांस, मासे किंवा प्राण्यांच्या चरबीत केलेले काहीही खात नाही. त्या अंडी खातात की नाही हे आपल्या पत्रात नाही, तेही लिहावे, कारण पुडिंगचा निर्णय त्यावर आहे. हे उत्तर त्या आठवड्याच्या बुधवारपर्यंत तरी पोहोचायला हवे. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी फक्त सहा तास उघडी असतात, त्यामुळे जॉइंट शुक्रवारी किंवा शनिवारीच घरी आलेला असतो, आणि एकदा गोमांस आणून ठेवल्यावर ते बदलणे यजमानांना अवघड जाते.