मोठ्या मुलीला दत्तक घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळचा खानापूर तालुक्यातला, पत्नी कोल्हापूरची. गेली अकरा वर्षे आम्ही जर्मनीत राहतो. बेळगाव जिल्ह्यातील एका संस्थेतली आठ वर्षांची मुलगी आम्ही दत्तक घेत आहोत. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे 'कारा'चे, ना हरकत प्रमाणपत्र मिळाले असून दत्तक आदेश निघेपर्यंत ती संगोपनासाठी आमच्याजवळ राहील. त्यासाठी पुढच्या महिन्यात आम्ही येत आहोत. ती कन्नड बोलते, मराठी तिला बऱ्यापैकी समजते. मला कन्नड बाजारापुरते येते, पत्नीला अजिबात नाही. तिला तिची जन्मदाती आई थोडी आठवते, असे संस्थेने सांगितले आहे. व्हिडिओ कॉलवर ती नुसती मान हलवते. गावी आमचे मोठे एकत्र कुटुंब आहे आणि पहिल्याच रविवारी गावजेवण घालून तिचे नवे नाव ठेवावे, अशी माझ्या आईची इच्छा आहे. या काही आठवड्यांत तिला आमचा लळा कसा लावावा?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, कारण त्यात आनंद जितका दिसतो तितकीच काळजीही दिसते. प्रथम एक स्पष्ट सांगते. आठ वर्षांच्या मुलीला तीन-चार आठवड्यांत लळा लागत नाही, आणि लागल्यासारखा दिसला तरी त्यावर विसंबू नये. एवढ्या दिवसांत तिला एकच गोष्ट कळली तरी पुष्कळ झाले : हे दोघे जे सांगतात ते करतात. चार वाजता बागेत जाऊ म्हटले की चार वाजता निघावे. जमणार नसेल तर तसे आधी सांगावे. आपल्या लेखी आपण तिला घरी नेत आहात, पण तिच्या लेखी ती घर सोडून निघाली आहे. संस्थेतल्या अक्का, शेजारच्या कॉटवरची मैत्रीण, शाळेतला तिचा बाक आणि कानावर पडणारी भाषा हे सारे एकाच महिन्यात सुटणार आहे. व्हिडिओ कॉलवरचे तिचे मौन मला म्हणूनच समजूतदारपणाचे वाटते.

गावजेवणाविषयी आपल्या आईंना दुखवू नका, पण ठामपणे सांगा की ते पुढच्या खेपेला करू. वीस-पंचवीस नातलग एकाच दिवशी गाल ओढतात, 'ओळखलंस का मला?' असे विचारतात आणि ताटात वाढत राहतात, तेव्हा त्यांतले आई-बाप कोणते, हे मुलाला उमगत नाही. शक्य असल्यास पहिले दहा-बारा दिवस बेळगावात टिळकवाडी किंवा शहापूरसारख्या वस्तीत दोन खोल्या भाड्याने घ्या आणि तिघेच राहा. मग एका दुपारी आजी-आजोबांनाच तिकडे बोलवा. हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा बरी, कारण चूल पेटते, कुकरची शिट्टी होते आणि भांडी घासली जातात, तिथे मुलांना आपोआप काम मिळते व बोलण्यावाचून जवळ येता येते. नाव मात्र मुळीच बदलू नका. तिने बरोबर आणलेल्या वस्तूंत पूर्णपणे तिची अशी ती एकच असण्याचा संभव आहे.

भाषेचा मुद्दा आपल्याला अडचणीचा वाटतो, मला तो आधाराचा वाटतो. आपल्या या सीमाभागात घरचे मराठी आणि गल्लीतले कन्नड एकाच जिभेवर नांदते. कितीतरी मराठी घरांत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि त्यात कोणाला काही परके वाटत नाही. उत्तर कर्नाटकात मुले आईला 'अव्वा' म्हणतात. ती पहिल्या आईला अव्वा म्हणत असेल, तर तो शब्द तिच्यापाशीच राहू द्या. पत्नीने त्यावर हक्क सांगू नये आणि तो तिच्या तोंडून आला तर चेहरा पाडू नये. 'आई' हा शब्द तिच्यासाठी नवा आहे, म्हणजे त्या जागेवर आधी कोणी बसलेले नाही. एका भाषेत वाढलेल्या मुलाला ही सोय नसते. तोपर्यंत ती ताई म्हणो, काकू म्हणो, काहीच न म्हणो, चालेल. आपण दोघांनी मात्र निघण्यापूर्वी काही कन्नड शब्द पाठ करावेत : भूक, तहान, दुखते, भीती वाटते, शौचाला जायचे आहे. 'बेडा', म्हणजे 'नको', हा शब्द तर पहिल्या दिवसापासून मानावा. वेणी घालू का, विचारल्यावर ती 'बेडा' म्हणाली, तर कंगवा खाली ठेवावा. तिच्या नकाराने कोणी रागावत नाही, हे तिला तिथे कळते. मग तीच एखाद्या सकाळी तेलाची बाटली घेऊन पाठ करून बसते.

खाण्याविषयी. संस्थेत ती बहुधा ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भात-सारू यांवर वाढली असेल; तेच करा. जर्मनीतला पास्ता जर्मनीत खाता येईल, आणि रोज कुंदा, ही बेळगावची मिठाई, आणून तिचे मन जिंकण्याचा मोहही आवरा. एका कुटुंबातल्या मुलाच्या उशीखाली मला अर्धी भाकरी सापडली होती, वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेली, कडा वाळून वर वळलेल्या. त्याच्या आईला रडू आले; तिला वाटले, आपण त्याला पुरेसे वाढत नाही. तसे नव्हते. उद्याही मिळेल याची खात्री त्याच्या पोटाला अजून पटली नव्हती. आम्ही त्याला एक झाकणाचा डबा दिला आणि तो रोज रात्री भरून त्याच्या उशाशी ठेवला. असे आपल्याकडे घडले तर रागवू नका आणि हसूही नका.

पहिले काही दिवस ती फार शहाण्यासारखी वागेल. ताट उचलेल, विचारल्याशिवाय काही घेणार नाही. त्याने सुखावून जाऊ नका. पाहुण्याच्या घरी मुले अशीच वागतात. त्यानंतर कधीतरी चप्पल फेकणे, जमिनीवर लोळणे, 'मला परत न्या' म्हणणे येईल, आणि बहुतेक वेळा ते आपल्यापैकी एकाच्याच वाट्याला येईल. त्या वेळी समजावत बसू नका, लाच देऊ नका, 'परत नेऊ' असे तर चुकूनही बोलू नका. जवळ, पण हाताच्या अंतरावर, जमिनीवर बसून राहा. दुसऱ्याने पाणी आणावे.

मी सर्वांत जास्त महत्त्व देते ते निरोपाला. पुष्कळदा गडबडीत किंवा रडारड टाळण्यासाठी मुलाला संस्थेतून झटपट गाडीत बसवले जाते. तसे होऊ देऊ नका. तिने ज्या अक्कांच्या हातचे खाल्ले त्यांच्यापाशी तिला बसू द्या, रडू द्या, आणि शक्य असेल तर त्या अक्कांनी आपल्या तोंडाने तिला सांगावे की तू यांच्याबरोबर जा, मला आवडेल. हे वाक्य आपण दोघे शंभरदा बोललात तरी त्याचे वजन येणार नाही. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. कन्नडमध्येही 'होगि बर्तीनि', म्हणजे जाऊन येते, असेच म्हणतात. तिने ते म्हटले तर तो तिच्या दृष्टीने शब्द दिलेला असतो. म्हणून पुन्हा भेटायला येणे जमणार असेल तरच तसे सांगा, नाहीतर पत्र आणि फोन यांचे जे खरोखर जमेल तेवढेच सांगा. अक्का, खोली, अंगणातले झाड, फाटक यांचे फोटो काढून तिच्या वहीत लावा. इतर मुलांची ओळख उघड करण्यास बालन्याय कायद्यानुसार मनाई आहे, म्हणून त्यांचे फोटो संस्थेला विचारल्याशिवाय घेऊ नयेत आणि समाजमाध्यमांवर तर टाकूच नयेत.

कागदपत्रांचे थोडक्यात. सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, म्हणजे आपल्या बोलण्यातले डीसी ऑफिस. त्यानंतर हेग करारानुसारचे अनुरूपता प्रमाणपत्र (परदेशातले दत्तकविधान या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला), पासपोर्ट आणि व्हिसा. आदेश देताना वय व समज पाहून मुलाची इच्छाही विचारात घ्यावी लागते, म्हणून तिथे काय होणार हे तिला आधी सोप्या शब्दांत सांगा; पढवू मात्र नका. विमानाची तारीख तिकीट हातात येईपर्यंत सांगू नका. ती पुढे गेली, तर आपलेच काहीतरी चुकले असे मुलांना वाटते.

प्रश्न : माझी लेक आणि जावई परदेशातून येऊन सात वर्षांचा मुलगा दत्तक घेत आहेत. सध्या तिघे माझ्याकडेच आहेत. मला कन्नड येते, म्हणून तो दिवसभर माझ्याच मागे असतो. लेक रात्री रडते. मी काय करू? — एक आजी, निपाणी

उत्तर : आजी, तुमचे काहीच चुकलेले नाही. तुमच्यामुळे त्या मुलाला या घरात बोलायला माणूस मिळाले आहे, आणि त्याला दूर लोटणे हा उपाय नव्हे. फक्त देणारे हात बदला. भाकरी तुम्ही थापा, ताटात लेकीने वाढावी. त्याने तुमच्याकडे काही मागितले, तर 'चल, आईला विचारू' म्हणून त्याला घेऊन जा आणि दुभाष्यासारखे मध्ये उभे राहा. आंघोळ, औषध, रात्रीचे पांघरूण ही कामे लेक-जावयांनीच करावीत. त्या वेळी तुम्ही देवळात जाऊन या. आणि लेकीला रोज चार कन्नड शब्द शिकवा, त्याच्या समोर. तिची चूक झाली की तो हसेल आणि तिला सुधारेल, तेव्हा तुम्ही मध्ये बोलू नका.

प्रश्न : आम्ही मूळचे चिकोडीचे, सध्या कॅनडात आहोत. नऊ वर्षांच्या मुलीला दत्तक घेण्यासाठी भारतात येताना आमच्या सहा वर्षांच्या मुलाला बरोबर आणावे का?

उत्तर : एखादी मावशी किंवा काका पूर्ण वेळ बरोबर राहणार असतील तर आणावे, मुले मोठ्यांपेक्षा लवकर खेळात मिसळतात आणि नव्या मुलीवरची नजर त्यामुळे थोडी हटते, तेही तिला हवेच असते. तिसरे माणूस नसेल तर आणू नये, कारण दोन्ही मुलांना एकाच वेळी आईच हवी असेल. आजवर तो घरातला थोरला होता आणि आता धाकटा होणार, हे त्याला येण्याच्या बरेच आधी सांगा, आणि त्याची खेळणी वाटून घेण्याचे वचन त्याच्याकडून घेऊ नका. तिच्यासाठी वेगळी आणा.