ताई, सही करू की नको?

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र वाचलं. जिमच्या लेडीज चेंजिंग रूममध्ये एक ट्रान्स बाई यायला लागलीय, तिला काढा म्हणून बाकीच्या जणींनी अर्ज तयार केलाय, फक्त तुझी सही राहिलीय, आणि इकडे तुझी जवळची मैत्रीण म्हणते सही केलीस तर तू ट्रान्सद्वेष्टी. इकडे आड तिकडे विहीर. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं लिहिलंयस की कॉलेजात असताना एका माणसाने जबरदस्ती केली होती, तेव्हापासून कुणासमोरही कपडे बदलताना हात थरथरतात.

अगं, हे आधी लिहायचंस ना!

भीती वाटते म्हणजे तू द्वेष करतेस असं अजिबात नाही, आणि हे मैत्रिणीला पटावं म्हणून तिला सगळं उकरून सांगायचीही गरज नाही. पण त्या माणसाने केलं ते या बाईच्या माथी कसं मारणार? तूच लिहिलंयस, ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, टॉवेल गुंडाळूनच कपडे बदलते, कुणाकडे बघतसुद्धा नाही. तीही घाबरूनच असते गं.

ग्रुपवर ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल फिरतोय म्हणालीस. एप्रिल 2025 चा, बरोबर आहे, तिथल्या 2010 च्या समानता कायद्यापुरतं ‘स्त्री’ म्हणजे जन्माने स्त्री असं कोर्टाने सांगितलं, पण ट्रान्स लोकांना भेदभाव आणि छळापासून संरक्षण आहेच हेही त्यातच आहे, तेवढं फॉरवर्ड करताना गळलं वाटतं. मैत्रीण आपल्या सुप्रीम कोर्टाचा ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा 2014 चा ‘नालसा’ निकाल ऐकवते, आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क, तेही खरंय, फक्त ट्रान्स व्यक्तींसाठी वेगळी टॉयलेट्स करा असंही त्याच निकालात सरकारला सांगितलंय, ते ती सांगत नाही. 

नियम काय असावेत यावर बायकांनी जरूर भांडावं. अत्याचार झालेल्या बायकांचं शेल्टर, तुरुंग आणि जिमची चेंजिंग रूम, सगळीकडे एकच नियम चालेल असं मला नाही वाटत. शेल्टरमध्ये तर मी तिथल्या बायकांच्या भीतीला जास्त वजन देईन, यावरून शिव्या पडल्या तर पडू देत. पण तुमच्या अर्जात नियमाचं काही नाहीच, एका बाईचं नाव आहे आणि तिच्या शरीराबद्दल अंदाज आहेत. तिने कुणाकडे टक लावून पाहिलं, फोटो काढला, अंगचटीला आली, तर बिनधास्त तक्रार कर, कुणाचीही करशील तशी. तसं काही तू लिहिलेलं नाहीस.

त्यामुळे सही करू नकोस. मॅनेजरला स्वतःचं वेगळं पत्र दे, आतून कडी लागणारी, वरून खालून बंद अशी केबिन हवी, पडदा चालणार नाही, आणि ती कुणीही वापरावी. बजेट नाही वगैरे ऐकवतील, तर निदान एक तरी करा म्हण, मागे लाग. तोवर घरूनच कपडे बदलून जा, कायमचा उपाय नाही हा, माहितीये मला. आणि एखाद्या चांगल्या काउन्सेलरची वेळ घे, केबिन झाली तरी घे.

मैत्रिणीला एवढंच सांग, ‘मी सही केली नाही, पण मला तिथे भीती वाटते, का ते आत्ता विचारू नकोस.’ खरंच जवळची असेल तर नाही विचारणार.