जनुकं तीच, खुणा वेगळ्या

प्रश्न : वर्षभरात तीनदा मला बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीमार्गातल्या जिवाणूंचा समतोल बिघडण्याचा आजार) झाला. योनीमार्गातले जिवाणू जनुकांवर परिणाम करतात, असं वाचलं आणि धास्तावले. माझी जनुकं बिघडली का? मुलीला हे जाईल का?

उत्तर : दोन्हीचं उत्तर नाही. जिवाणू डीएनएतली अक्षरं बदलत नाहीत. कोणतं जनुक किती वाचलं जाईल, यावर मात्र त्यांचा हात असतो. डीएनए हिस्टोन या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट बसले की गुंडाळी सैल पडते आणि जनुक वाचता येतं. हे गट काढणाऱ्या विकरांना एचडॅक म्हणतात, आणि लॅक्टिक आम्ल त्यांनाच आवर घालतं.

हे आम्ल येतं कुठून? इस्ट्रोजेनमुळे अस्तरात ग्लायकोजेन साठतं, ते फुटून झालेल्या शर्करेवर लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. पण सगळे लॅक्टोबॅसिलस सारखे नाहीत. त्यांच्यातली क्रिस्पेटस ही जात या आम्लाची ‘डी’ आणि ‘एल’ अशी दोन्ही रूपं बनवते, इनर्स ही जात फक्त ‘एल’. २०१९मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसलं, की ‘डी’ रूपामुळे पेशींचं विभाजन मंदावतं आणि क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जिवाणूला शिरकाव अवघड जातो. व्हजायनोसिसमध्ये लॅक्टिक आम्ल घटतं, ब्युटिरेटसारखी आम्लं वाढतात. गंमत म्हणजे ब्युटिरेटही एचडॅक रोखतं! त्यामुळे ‘एचडॅक रोखलं की चांगलं’ असं सरळ गणित मांडणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका.

हिस्टोनवरच्या या खुणा अस्तराच्या पेशींवर असतात, अंडाशयातल्या बीजांडांवर नाही. मुलीची काळजी सोडा.

प्रश्न : योनीमार्गाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) घरी तपासला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावा. गर्भाशयमुखाचा स्राव अल्कधर्मी असतो, तिथे आकडा फसवा येतो. पाळीत किंवा संबंधानंतर लगेच मोजू नका. रक्त आणि वीर्य दोन्ही सामू वाढवतात. पाळी कायमची गेल्यावर तो एरवीही चढाच असतो. ४.५च्या वर गेला म्हणजे व्हजायनोसिसच, असंही नाही. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही तो वाढतो. डॉक्टर चारपैकी तीन लक्षणं पाहतात : पातळ एकसारखा स्राव, ४.५हून जास्त सामू, पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर माशासारखा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या पेशी.

व्हजायनोसिसवर औषध सहसा मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नये. तरीही आजार परत येतो, कारण गार्डनरेला जिवाणू अस्तरावर चिकट थर करून बसतो. आतून धुण्याने लॅक्टोबॅसिलसच वाहून जातात. एकच पुरुष जोडीदार असेल, तर त्याच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा : २०२५च्या एका चाचणीत जोडीदारालाही गोळ्या आणि मलम दिल्यावर बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं.